कपातीत कपात

शुक्रवारी परिपत्रक आलं, दोन पानी.
पहिलं पान सगळ्यांनी वाचलं,
दुसरं माझ्याकडं राहिलं, पगारपत्रकाच्या फायलीत.

शिरोलीच्या फौंड्रीत मी हिशेब लिहिते.
दोनशे अकरा नावं, तेवीस रकाने.
सतरावा निधीचा.
त्यात मी दर महिन्याला
एकेका माणसाचं म्हातारपण थोडं थोडं भरून ठेवते.
या महिन्यापासून तो बारीक करायचा.

शनिवारी स्लिपा वाटल्या.
"तीनशे बारा जास्त आले की वो, मॅडम!"
मोल्डिंगच्या बळवंत खोतानं
काळ्या वाळूच्या बोटानं आकडा दाबून बघितला,
साचा पक्का बसलाय का बघतात तसा.
कुणी गॅसचं बोललं, कुणी पोरीच्या क्लासचं,
कुणी नुसतं "नाद खुळा" म्हणून
स्लिप घडी करून टोपीत खोचली.
खोटं कशाला बोलू,
मीही माझी स्लिप सगळ्यांच्या आधी बघितली होती.
तीनशे चाळीस.
येताना मिठाईच्या दुकानासमोर थांबले. घेतलं काहीच नाही.
पण थांबले.

दस्तगीर मुल्लाणी तेवढा खिडकीशी रेंगाळला.
भट्टीवर एकोणीस वर्षं,
डाव्या डोळ्यात ठिणगीचा पांढरा डाग.
तेव्हा विम्याच्या दवाखान्यात सव्वीस दिवस पडून होता,
बिल किती झालं, त्याला आजही ठाऊक नाही.
"आमचा हिस्सा कमी झाला, बरं झालं.
मालकाचाबी झाला काय?"
झाला, म्हटलं. दुसऱ्या पानावर आहे.
"मग त्यांचं वाचलेलं कुठल्या स्लिपवर दिसतंय?"

माझ्याकडं तेवीस रकाने.
तो चोविसावा विचारत होता.

स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठीही एक परिच्छेद होता:
हप्ता आता निम्मा.
संध्याकाळी सुभाषनगरात जाऊन
शेवंता सातपुतेला वाचून दाखवला.
चपलेची वेणी वळता वळता ती म्हणाली,
"मालक बी मीच, कामगार बी मीच.
आता ह्यातलं कुणी कुणाला पेढं द्यायचं?"
आणि हसली, तोंडात वादी तशीच धरून.
मग रापी उचलली.
"कातडं पातळ तासलं की चप्पल हलकी हुती, बाई.
गिऱ्हाईक खुश हुतंय.
पातळ केल्यालं परत जाड करायची रापी
अजून कुणी घडवल्याली न्हाई."
मी निघाले तर मागनं हाक मारून सांगितलं,
"तरी बी निम्माच भरणार हां मी.
पावसाच्या आत पत्रा बदलायचाय."

माझ्या वडिलांच्या स्लिपवर कधी कपात नव्हती,
कारण स्लिपच नव्हती.
उद्यमनगरात एक लेथ, स्वतःचा.
आलेलं सगळं हातात, पुरतं,
आणि हातातून आमच्या फीत, आईच्या ऑपरेशनात,
धाकट्या आत्याच्या लग्नात.
त्र्याहत्तराव्या वर्षी ते अजून आठ वाजता शटर वर करतात.
हात थरथरतो.
जॉब धरायला चक आहे की, म्हणतात,
माझ्या हाताचं काय घेऊन बसलीस.

रात्री त्यांना सांगितलं, तीनशे चाळीस जास्त आले.
"चांगलं झालं."
मग काडीनं नखातला लोखंडी कीस काढत
बराच वेळ गप्प.
भाकरीचं ताट समोर आलं, तेव्हा विचारलं,
"कुणाकडनं आले?"

सोमवारी फाइल पुन्हा उघडली.
सतराव्या रकान्याची रुंदी जरा आत ओढली
तर शेवटचा, हातात पडणारा रकाना
कागदावर ऐसपैस दिसतो. साहेबांना तसाच हवा होता.
मी ओढली नाही.
आकडा लहान झालाय,
भोवतीची रिकामी जागा तरी दिसू दे.